मगरीची कातडी

४ जून
मुलांच्या पुस्तकातलं मगरीच्या चित्राचं पान अडलंय. संपादक मेधाताई फोनवर म्हणाल्या, "बाकी पुस्तक झकास. मगर तेवढी गुळगुळीत वाटते गं. पोरांना हात लावून बघावंसं वाटलं पाहिजे." कातडीसाठी कांद्याच्या गोणीचा ठसा घेतला, बाभळीच्या सालीवर कागद ठेवून पेन्सिल घासली. गोणी गोणीच दिसते.

५ जून
फोनमध्ये नवऱ्याच्या, संदीपच्या हाताचे फोटो सापडले. महाळुंग्याच्या कंपनीत भाजला तेव्हा विम्यासाठी काढलेले. आवळलेली, चकाकणारी कातडी, मध्ये भेगा. नुसतं बघू म्हणून त्यातला एक मगरीच्या चित्रावर चढवला. मगर जिवंत झाली. संदीप शिफ्टला. त्याला न विचारताच पान पाठवून दिलं.

६ जून
मे.ताई खूश. "काय वापरलंस?" "जुनं चामडं," लिहिलं. संध्याकाळी संदीपच्या हाताला खोबरेल लावताना वर बघवेना.

१४ जून
छपाईआधीची प्रत आली. अनूनं मगरीवरून बोट फिरवलं. "आई, हा बाबाचा हात." संदीप बूट घालत होता. वाकून बघितलं. "बस चुकंल," म्हणून निघाला. डबा ओट्यावरच राहिला.

१५ जून
मीच विषय काढला. म्हटलं, चुकलं माझं, घाईत विचारायचं राहून गेलं.
"राहून न्हाई गेलं. मी न्हाई म्हणलो असतो, म्हणून न्हाई विचारलंस."
खरंय.

१६ जून
मे.ताईंना खरं सांगितलं. म्हणाल्या, "सोमवारपर्यंत छपाई थांबवते. त्याच्या मनात नसेल तर दुसरं पान दे." दिवसभर चुरगळलेल्या कागदावर डिंक थापून नवी मगर केली. बरी आहे. नुसती बरी. मला अजून जुनीच हवी आहे, हे लिहितानाही लाज वाटते.

१७ जून
संदीपला सुट्टी. दोन्ही पानं शेजारी ठेवली त्यानं. "कुठली चांगली? खरं सांग."
"पहिली."
बाही वर करून हात पानाशेजारी ठेवला, बघत बसला. मग, "गोष्टीत हिचं काय व्हतं?"
मी त्याला गोष्ट कधी सांगितलीच नव्हती.
"सगळी पोरं तिला बघून पळतात. एक मुलगी थांबते."
"ती का थांबती?"
गोष्टीत कारण दिलेलं नाही. तसं सांगितलं.
"हं," म्हणाला आणि पहिल्या मगरीची प्रत उचलून अनूजवळ जाऊन बसला. मे.ताईंना अजून काही कळवलेलं नाही.