साडूच्या आधी शिरपूर

१७ मे, रविवार
आजपासून अधिक महिना. तीन वर्षांनी आला. मी तयार आहे.

सासूबाईंचा फोन आला होता म्हणे. सात जूनला दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाला शिरपूरला बोलावलं आहे. ‘दोन्ही’ म्हणताना आमची बायको मंजुषा जरा अडखळली. मी शांतपणे चहा पीत राहिलो. कप रिकामा होता हे नंतर कळलं.

मी सूडबुद्धीचा माणूस नाही. पण विसरणाराही नाही. घरातला मोठा जावई मी. पाय आधी माझे धुवायचे, ओवाळायचं आधी मला, धोंड्यांचं ताट आधी माझं. गेल्या अधिक महिन्यात आमची एसटी वाटेत बंद पडली. आम्ही पोचलो तोवर धाकटा जावई रामकिसन, म्हणजे माझा साडू, मालेगावचा कृषी केंद्रवाला, पांढऱ्या गाडीतून येऊन, ओवाळून घेऊन, जेवून, ढेकर देऊन बसला होता. वर सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊ धोंडे खायले निघाले अन् धक्के खाऊन आले." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सासूबाईसुद्धा.

यंदा आमच्याकडे गाडी आहे. सेकंड हँड आहे, पण तसं तिच्यावर लिहिलेलं नाही.

१९ मे
प्लॅन ठरला. कारंज्याहून सकाळी सहाला निघायचं, रामकिसनच्या आधी पोचायचं. गाडी सासूबाईंच्या फाटकासमोर आडवी लावायची. त्याला त्याची गाडी उकिरड्याजवळ लावावी लागेल. मग मी ओट्यावरून म्हणणार, "या रामकिसनराव, उशीर केला." बस. जास्त काही नाही. मी सभ्य माणूस आहे.

२३ मे
मुलं म्हणतात, कलेक्टर नसेल तर आम्ही येत नाही. कलेक्टर म्हणजे आमचा कुत्रा. आधी ठाम नाही म्हटलं. मग लक्षात आलं, हे तर अस्त्र आहे!

रामकिसनचा खांद्यावरचा दुपट्टा दिवाळीपासून आमच्याकडे राहिला आहे. मी हायस्कूलात क्रीडाशिक्षक, कबड्डीचे संघ घडवलेला माणूस. कुत्रा काय चीज आहे. दुपट्टा हुंगवायचा, शिट्टी वाजवायची, "रामकिसन!" ओरडायचं. गुरगुरला की बिस्किट.

२६ मे
एकदा गुरगुरला. बहुतेक शिट्टीवर. त्यानंतर गुरगुरला नाही, पण खेळाडूचा उत्साह टिकावा म्हणून बिस्किटं चालू ठेवली.

३० मे
जबरदस्त प्रगती. दुपट्टा दिसला की कलेक्टर घरात असेल तिथून धावत येतो, लाळ गाळतो. शिकारीची लक्षणं. मंजुषा म्हणाली, "त्याले रामकिसन म्हंजे बिस्किट वाटून राह्यलं." ट्रेनिंगमधलं तिला काय कळतं.

मुलांचीही रिहर्सल घेतली. वैभवीने उतरल्यावर मावशीला सांगायचं, आमच्या गाडीत ए.सी. आहे. ती बारा वर्षांची आहे आणि म्हणाली, मले शरम वाटते. हरीओम सात वर्षांचा आहे. तो एका कुल्फीवर तयार झाला.

५ जून
एक अडचण. रामकिसनचं दुकान मालेगावात ऐन रस्त्यावर. आम्हाला पाहिलं तर हात हलवेल आणि मागून येऊन पुढे निघून जाईल. तेव्हा गनिमी कावा. मालेगावच्या अलीकडेच पांदणीला वळायचं, शेताशेतातून शिरपूर गाठायचं. चौकशी केली. रोज ट्रॅक्टर जातात म्हणाले. ट्रॅक्टर जातो तिथे गाडी जाणारच.

७ जून, सकाळ
निघायला साडेआठ झाले. चूक माझी नाही. कलेक्टर मागे बसेना, त्याच्याशिवाय हरीओम बसेना, आणि माझ्या नव्या सफारीला इस्त्री व्हायची होती. शेवटी कलेक्टर पुढे, बाकी सगळे मागे. मंजुषा म्हणाली, आपल्या घरात मोठा जवाई हाच दिसते. गाडी चालवताना मी बोलत नाही.

७ जून, शेलूबाजारच्या पुढे
हरीओम ओकला. खिडकीतून ओक म्हटलं होतं, तर मधून वाकून कलेक्टरवर ओकला. मग कलेक्टर गिअरवर ओकला. वासामुळे काचा उघड्या, काचा उघड्या म्हणून ए.सी. बंद. उन्हाच्या झळांनी सगळे लाल झालेत. तरी अजून जिंकू शकतो. रामकिसन दहाच्या आत दुकान सोडत नाही.

७ जून, पांदणीत
गाडीतच लिहितो आहे. उतरून लिहिण्यासारखी सावली नाही.

ट्रॅक्टरच्या दोन खोल चाकोऱ्या, आणि मधे वाळून दगड झालेला मातीचा उंचवटा. ट्रॅक्टरचं पोट उंच असतं. आपल्या गाडीचं नसतं. ती उंचवट्यावर बसली. चाकं फिरतात, गाडी हलत नाही. मंजुषा विचारते, चांगली सडक सोडून इकडं कायले आले? सांगितलं, शॉर्टकट. ती माझ्याकडे इतका वेळ पाहत राहिली की मीच उतरून चाकं पाहून आलो.

थोड्या वेळाने: वैभवीने परस्पर काकाला, म्हणजे रामकिसनला, फोन केला. माझ्या नाकासमोर! म्हणाली, "काका, पप्पा वावरात फसले." गाडी फसली म्हणायचं सोडून.

७ जून, संध्याकाळ, शिरपूर
लिहायची इच्छा नाही. पण डायरीचा नियम म्हणजे नियम.

रामकिसन सासूबाईंच्या शेजाऱ्याचा ट्रॅक्टर घेऊन आला. कलेक्टर गुरगुरेल म्हणून मी श्वास रोखून पाहत होतो. तो खिडकीतून उडी मारून गेला आणि रामकिसनचं तोंड चाटू लागला. त्याचे खिसे हुंगले. रामकिसन म्हणाला, "भाऊ, कुत्रं लय मायाळू हाय तुमचं." मग धोंड्यासाठी घातलेल्या नव्या पांढऱ्या सदऱ्यासकट तो गाडीखाली शिरला आणि दोर बांधून आला. मी त्याच्या पाठीवरची ओली माती पाहिली. गाडीतली ओक आम्ही तिथेच धुऊन काढली होती. मातीच होती असं समजू.

गाडी सुटली, पण सुरू होईना. शिरपुरात आमचा प्रवेश असा: पुढे ट्रॅक्टरवर रामकिसन, त्याच्या शेजारी ऐटीत कलेक्टर, मडगार्डवर दोन्ही मुलं हात हलवत, आणि मागे दोराला बांधलेल्या गाडीत सफारी घालून मी. अख्खं गाव ओट्यांवर आलं होतं.

वाटलं होतं, हा सकाळीच जेवून बसला असेल. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "रामकिसनले कवाचं म्हनून राह्यली, तू तरी बस. तं म्हनते, मोठ्या जवायाले ओवाळल्याबिगर म्या पाटावर बसत नाही." दुपारचे तीन वाजत आले होते. तो तोवर उपाशी होता. माझे पाय आधी धुतले. मला आधी ओवाळलं. धोंड्यांचं ताट आधी माझ्यापुढे आलं.

मला भयंकर संताप आला. माणसाने असं वागावं? तीन वर्षं मी काय काय ठरवलं होतं! न राहवून सगळ्यांसमोर बोललोच. तुम्ही मला धक्के खाऊन आले म्हणाले होते.

रामकिसनने आठवायचा प्रामाणिक प्रयत्न केला, तो मला दिसला. म्हणाला, "मले तं नाही आठवत, भाऊ. पन म्हटलं असंन तं चुकलं माह्यं. माफ करा." आणि हात जोडले.

माझ्या तोंडात अख्खा धोंडा होता. या वाक्याला उत्तर मी कधी तयार केलंच नव्हतं. गिळेपर्यंत तो वाढायचं तूप घेऊन समोरच्या पंगतीकडे गेला.

९ जून
रामकिसननेच काल आम्हाला त्याच्या गाडीने कारंज्याला सोडलं. मी मागे बसलो. हरीओम ओकला नाही. ए.सी. त्याचा जास्त थंड आहे, हे मला सांगायची कोणाला गरज नव्हती, तरी मुलांनी सांगितलं.

आज फोन लावला. मोठ्या मनाने माफ करून टाकायचं ठरवलं होतं. त्याने उचलला, म्हणाला, "बोला भाऊ." मी म्हणालो, गाडीचं काय झालं? मिस्त्री लागला आहे, परवा स्वतः आणून देतो म्हणाला. मी बरं म्हटलं आणि ठेवला.

पुढचा अधिक महिना जवळजवळ तीन वर्षांनी आहे. तोवर कोणावर रागवायचं, काही सुचत नाही.