उत्तरेकडे तोंड

ता. ४ ऑगस्ट १९१९, सोमवार

टेबल फिरवलं! सकाळचा सगळा वेळ त्यातच गेला. मेव्हणा आकाराम आलाय. गवंडीकाम करता करता वास्तुशास्त्र शिकलाय म्हणे. जिना चढून आला आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "दाजी, दक्षिणेकडं तोंड करून बसलाय की! यमाला पक्षकार करायचा हाय व्हय?"

आता माझं तोंड उत्तरेला. कायद्याच्या पुस्तकांची ट्रंक नैऋत्येला, पाण्याचा तांब्या ईशान्येला. उत्तरेला नुसती भिंत. दार पाठीमागं! म्हटलं, अरे, माणूस वर आला तर त्याला काय पाठ दाखवू? तर म्हणतो, "पाठ बघून माघारी जाणारा पक्षकार आपल्याला नगंच."

माघारी जायला आधी यावा लागतो. वकिलीची सनद मिळून वर्ष होत आलं, एक वकीलपत्र नाही. आबांनी लेकासाठी गावभर पेढे वाटले होते — घराण्यातला पहिला वकील! दसऱ्यापर्यंत वाट बघायची. नाहीतर सनद गुंडाळून गावी, औतामागं. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

ता. ७ ऑगस्ट

कोणी नाही.

ता. ११ ऑगस्ट

खोलीचे मालक शमशुद्दीन वर डोकावले. खाली त्यांचं अत्तराचं दुकान. "वकीलसाब, भिंतीवर रुसलायसा व्हय?"

हसलो. हसण्यासारखंच आहे. मग बसले आणि म्हणाले, "माझ्या दुकानाचं दार कुठल्या दिशेला हाय, मी कधी बघितलं न्हाई. वासानं गिऱ्हाईक येतंय. वकिलाचा वास कुठंवर जाणार?" माणूस भला आहे, मनापासून बोलला. तरी राग आला. दिवसभर राग धरून बसलो, कारण दुसरं काही काम नव्हतं.

ता. १९ ऑगस्ट

जिन्यावर पावलं वाजली! पायताण काढल्याचा आवाज झाला. मी मुद्दाम वळलो नाही, कागदात डोकं घातलं.

"पावणं, त्ये पगडीवालं वकील हितंच ऱ्हात्यात न्हवं?"

वळलो. आमच्यासारखाच कुणबी, डोक्याला माझ्यासारखाच पटका. म्हटलं, वकील मीही आहे. त्यानं मला खालवर बघितलं, म्हणाला, "व्हय का? बरं बरं. पर त्ये पगडीवालं कुठं?"

दोन घरं सोडून, म्हणून मीच पत्ता सांगितला! आपल्या लोकांना वकील म्हटलं की अजून पगडीच दिसते. त्याला आकारामच्या शास्त्रात कसला कोपरा आहे कोण जाणे.

ता. २८ ऑगस्ट

आकाराम पुन्हा आला. खोलीचे चारी कोपरे हिंडला, भिंती ठोकल्या, मान हलवली. "हितं खोट उरलीच न्हाई, दाजी. खोट मुळात हाय."

मुळात म्हणजे गावच्या घरात. तिथलं दार दक्षिणेला, पणजोबांच्या वेळेपासून. ते बुजवायचं, पूर्वेला नवं फोडायचं, की माझी वकिली चालली!

म्हटलं, ते दार एकट्या आबांचं नाही. धाकटे चुलते मागच्या सोप्यात राहतात, त्यांची जा-ये त्याच दारानं. आण्णा. ओढ्याला पाणी आलं की मला खांद्यावर बसवून शाळेत नेणारे आण्णा. आकाराम म्हणाला, "वळसा घालून जातील की. पुतण्याचं भलं हुतंय तर त्यास्नी नगं हाय व्हय?" बायको, तानाबाई, दाराआडून म्हणाली, "दादा एवढं सांगतोय, तर बघा की करून." तिनं माझ्यासाठी सोमवार धरलेत.

वाद घालायला अंगात त्राण नव्हतं. हो म्हणालो.

ता. ८ सप्टेंबर

गावाकडचा माणूस आबांचा निरोप घेऊन आला. "दार बुजवलं. आता माझ्या लेकाचं नशीब उघडंल."

आण्णांचं विचारलं. म्हणाला, "नवं दार तुमच्या वाट्याच्या सोप्यात उघडतंय. आण्णा गोठ्यामागनं जात्यात, चिखलातनं."

होईल सवय, असं मनाला सांगितलं. मन काही ऐकेना.

ता. २२ सप्टेंबर

कोणी नाही. समोरच्या भिंतीचा पोपडा रोज थोडा थोडा सुटतोय. मी वकील आहे हे जगात फक्त आबांना खरं वाटतं. मलासुद्धा वाटेनासं झालंय. कोर्टाच्या आवारात जायचं सोडलं. तिथं नुसतं उभं राहायची लाज वाटते. देवा, एक माणूस पाठव! कसलाही, कुणाचाही, हरणारा दावा असला तरी चालेल.

ता. ५ ऑक्टोबर

दसरा झाला. सोनं द्यायला गावी गेलो नाही. आण्णांच्या पाया पडायला वाकणार कुठल्या तोंडानं?

तानाबाईला सांगितलं, संपलं, आवराआवर कर. रडेल वाटलं होतं. ती भांडी पोत्यात भरायला लागली.

ता. ६ ऑक्टोबर

पक्षकार आला. पहिला.

आण्णा. गुडघ्यापर्यंत चिखल. मी उठून उभा राहिलो, तर म्हणाले, "बस, हंबीर. वकिलानं उठायचं नसतंय." मग, "दाराच्या वहिवाटीचा दावा लावायचा हाय. परक्या वकिलाकडं गेलो तर घराची अब्रू चव्हाट्यावर जाईल. तूच लिही, बाबा."

कागद ओढला, टाक बुडवला आणि विचारलं, प्रतिवादीचं नाव?

आण्णांनी आबांचं नाव घेतलं, आडनावासकट. थोरल्या भावाचं नाव त्यांनी जन्मात कधी तोंडानं घेतलं नव्हतं.