चार वाजताच्या टेबलाची वाटणी

लग्न होऊन मी या घरात आले त्याला दोनेक महिने झाले असतील. एका दुपारी मी आणि वन्सं, म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण, स्वयंपाकघरात उभ्या राहून चहाची भांडी पुसत होतो. पाहुणे नुकतेच गेले होते. वन्संनी कपात फडके कोंबून तो गरागरा फिरवला, तेव्हा मी म्हणाले, "अहो, कान धरून नाही पुसायचा. पोटाला धरायचं. कॉन्व्हेंटमधल्या आमच्या सिस्टर म्हणायच्या, कपाचा कान फक्त पिणाऱ्याचा."

वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या सिस्टरना कपाबद्दल बरीच माहिती होती. केकबद्दल काही सांगायच्या राहिल्या का?"

आम्ही दोघी इतक्या हसलो की काय फुटले ते बघायला सासूबाई आत येऊन गेल्या.

पुढे जे लिहिणार आहे ते नीट कळावे म्हणून एवढे आधी सांगितले. आता रीतसर.

मी, खाली सही करणारी, वय सदुसष्ट, निवृत्त टायपिस्ट, विधवा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, तर आपखुशीने हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. रक्तदाब गोळीने ताब्यात आहे. डोळ्यांचे ऑपरेशन चांगले झाले आहे. स्मरणशक्ती इतकी शाबूत आहे की काही नातेवाइकांची त्यामुळे गैरसोय होते. सर्वांची पूर्ण नावे, पत्ते आणि घराचे क्रमांक वकिलांनी सोबतच्या पुरवणीत लिहिले आहेत. इथे मात्र मी माणसांना ज्या हाकेने बोलावते तीच हाक लिहिणार. वकिलांना हे पसंत नाही. पण मी अठ्ठावीस वर्षे नोटरीच्या कचेरीत बसून लोकांची मृत्युपत्रे टाइप केली आहेत. जमिनीची मोजमापे त्यांत बिनचूक असत. चहाच्या किटलीचा उल्लेख एकातही नसे, आणि मागाहून भावंडे कचेरीत येऊन भांडत ती बहुतेक किटलीवरूनच.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकिलांनी करावी, माझ्या मुलाने करू नये. मुलगा चांगला आहे, पण घाईचा आहे. साखर विरघळेपर्यंतसुद्धा त्याला धीर धरवत नाही.

कलम २. आमच्याकडे दर गुरुवारी दुपारी चार वाजता चहा असतो. क्रोशाचा टेबलक्लॉथ, निळ्या फुलांचा चिनी मातीचा सेट, तीन मजली तबक; खाली बिस्किटे, मध्ये छोटे सँडविच आणि वर लिंबाचा केक. त्रेचाळीस वर्षे सगळे त्याला माझा केक म्हणत आले आहेत.

तो माझा नाही. त्यातला एकही माझा नव्हता.

कॉन्व्हेंटमध्ये टेबल मांडण्याचे पहिले बक्षीस मला मिळाले होते. काटा कुठे, चमचा कुठे, किटलीचे तोंड कोणाकडे करायचे, सगळे पाठ. बेकिंगच्या तासाला मात्र मी चाळणी धुण्यापलीकडे काही केले नाही. सासरी आल्यावर सासूबाईंनी विचारले, "केक येतो का गं?" मी हो म्हणाले. तेवढ्यात ह्यांचे साहेब बायकोसह चहाला यायचे ठरले. मी केलेल्या केकमध्ये सुरी शिरेना. वन्सं तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या. त्यांनी काही न बोलता बाह्या सारल्या, ओव्हनचे दार नीट लागत नसे म्हणून त्याला खुर्ची टेकवली आणि दुसरा केक केला. साडेतीनला तो बाहेर निघाला, चारला टेबलावर होता. साहेबांच्या बायकोने विचारले, "नव्या सूनबाईंनी केला?" सासूबाई म्हणाल्या, "अहो, कॉन्व्हेंटची आहे."

मी गप्प बसले. एकदा गप्प बसले की पुढच्या गुरुवारी बोलणे अवघड होते, आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी अशक्य.

इथवर हे खोटे घरातल्या घरात होते. पण सव्वीस वर्षांपूर्वी चौकातल्या टी-रूमची मालकीण आमच्याकडे चहाला आली. दोन तुकडे खाऊन तिने बोटे पुसली आणि म्हणाली, "हा केक करणारा हात मला हवाय. भट्टी माझी, भागीदारी निम्मी, वर राहायला खोली. बोला." वन्सं गरम पाण्याचे भांडे घेऊन दारात उभ्या होत्या. मी म्हणाले, "छे हो, मला नोकरी आहे. वेळ कुठाय?"

वन्सं म्हणाल्या, "पाणी गार झालं वाटतं, दुसरं आणते," आणि आत गेल्या. पाणी गार झालेले नव्हते. मला वाटले होते, पुढच्या गुरुवारी तरी केक करपेल. नाही करपला.

ह्यांना हे माहीत होते. जन्मभर ते चारचौघांत मला म्हणत, "आज केक छान झालाय हं." शेवटच्या आजारात एक घास खाऊन म्हणाले, "छान झालाय. तिला सांग." मी सांगितले नाही. ते आज लेखी सांगत आहे.

कलम ३. राहते घर. हे घर सासऱ्यांनी बांधले. ते गेल्यावर वन्संनी आपला हिस्सा भावासाठी सोडला. ते हक्कसोडपत्र मीच टाइप केले होते, तीन प्रतींत. ह्यांच्या मृत्युपत्राने घर माझ्याकडे आले. गेल्या महिन्यात मुलगा आणि सून चहाला आली होती. मुलगा म्हणाला, "आई, स्पष्ट बोलतो. तुझ्यानंतर हे घर ठेवणं परवडायचं नाही. आत्याला एखाद्या चांगल्या वृद्धाश्रमात ठेवू. तिथे तिला काही काम पडणार नाही."

सून म्हणाली, "आत्यांना काय, त्या कुठेही जुळवून घेतील."

वन्सं तेव्हा मुलाच्याच बशीत केक वाढत होत्या. तो त्यांच्याकडे न बघता मला म्हणाला, "पण तुझ्या केकची चव काही कुठे मिळायची नाही."

त्या रात्री मी हे टाइप करायचे ठरवले. तरी लिहून ठेवते, की माझ्या पश्चात वन्संना या घरात हयातभर राहण्याचा हक्क राहील. त्या असेपर्यंत मुलाने घर विकू, गहाण टाकू किंवा भाड्याने देऊ नये.

कलम ४. जुन्या वस्तूंच्या ज्या व्यापाऱ्याने सेटखालचा शिक्का बघण्यासाठी भरलेला कप बशीसकट डोक्यावर धरला, त्याला या घरातला एक चमचाही विकू नये. टेबलक्लॉथवरचा डाग अजून आहे. किटलीचे झाकण दुसऱ्या सेटचे आहे आणि चौथ्या कपाचा कान चिकटवलेला आहे, हे त्याने भिंग लावून मोठ्याने सांगितले. आम्हाला ते माहीत होते. तो कप आम्ही नेहमी घरच्या माणसाला देतो.

कलम ५. साखरेचा चांदीचा चिमटा मोठ्या चुलत जाऊबाईंनी त्यांच्या मुलाच्या साखरपुड्याला नेला. तो मुलगा आता आजोबा झाला आहे. चिमटा त्यांनाच लखलाभ असो. फक्त तो माझा आहे, एवढे त्यांनी स्वतःच्या मृत्युपत्रात लिहावे.

कलम ६. माझे कपडे सुनेने आणि वन्संनी मिळून बघावेत. सून मनाने वाईट नाही. तिने या घरातल्या कपाटांची दारेच कधी उघडलेली नाहीत. यानिमित्ताने दोघींनी एक दुपार एकत्र काढावी.

इथपर्यंत मी मंगळवारी टाइप केले होते. आज गुरुवार. मेल्यावर खरे सांगायचे म्हणजे पुन्हा एकदा गप्प बसण्यासारखेच, हे मला काल इस्त्री करताना सुचले. म्हणून आज टेबल मांडल्यावर, साक्षीदार यायच्या आधी, मी वन्संना खुर्चीत बसवले आणि सगळे वाचून दाखवले.

 वाचून झाल्यावर त्यांनी किटलीवरची लोकरी टोपी काढली, दोन कप भरले आणि म्हणाल्या, "कलम दोनमध्ये चूक आहे."

मी पाने मागे उलटली. "कोणती?"

"साडेतीनला नाही, अडीचला काढला होता तो केक. गरम केकचे असे सुबक तुकडे पडतात का, वहिनी? एवढी वर्षं खाताय."

मी पेन्सिलीने खूण केली. विचारले, "आणि टी-रूमचं काही बोलणार नाही?"

"काय बोलू? तुम्ही नाही म्हणालात ते मी ऐकलं. मला तोंड होतं, मीही दारातून पुढे आले असते. नाही आले. पाहुण्यांसमोर तुमचा पाणउतारा करायचा नव्हता." त्यांनी बशी जरा सरकवली. "पण दुसऱ्या दिवशी तरी विचारायचं होतंत. वन्सं, जायचंय का तुम्हाला? एवढंच. वर्षभर वाट बघितली मी."

मी पेन्सिलीला टोक काढायला घेतले. 

"आणि कलम तीन मला नको," त्या म्हणाल्या.

"का? तुम्हाला कोणी बाहेर काढू नये म्हणूनच तर..."

"राहण्याचा हक्क भाडेकरूला देतात. मी या घरात जन्मले. हिस्सा सोडला तो दादासाठी. तुमच्या मुलाची मर्जी सांभाळत राहण्यासाठी नव्हे."

त्रेचाळीस वर्षांत या बाईने स्वतःसाठी काही मागितल्याचे मला आठवत नाही. मी पेन्सिल खाली ठेवली आणि जे सव्वीस वर्षांपूर्वी विचारायला हवे होते ते विचारले. "वन्सं, केकचं दुकान काढायचंय का तुम्हाला?"

"या वयात?"

"तुमचं वय मला ठाऊक आहे. चौसष्ट. मी विचारलं ते सांगा."

त्यांनी या बाहेरच्या खोलीभर नजर फिरवली. मग म्हणाल्या, "चार टेबलं बसतात इथे. खिडकीशी एक, भिंतीला दोन, दाराजवळ एक. मी मोजलंय."

"कधी?"

"तेव्हाच."

यावरून पुढील दुरुस्त्या केल्या आहेत आणि प्रत्येक खाडाखोडीवर माझी सही आहे.

कलम २ मध्ये "साडेतीन" ऐवजी "अडीच" वाचावे.

कलम ३ चा शेवटचा परिच्छेद रद्द. त्याऐवजी असे, की राहते घर माझ्या पश्चात संपूर्ण मालकीने वन्संना मिळावे. त्यांनी ते ठेवावे, विकावे, कोणालाही द्यावे. कोणाची परवानगी लागणार नाही. मुलाने याला हरकत घेतल्यास कलम २ सर्व नातेवाइकांसमोर मोठ्याने वाचून दाखवावे. दुकान मात्र माझ्या मरणासाठी थांबणार नाही. सुतार सोमवारी येणार आहे. टेबले मी मांडीन, ते मला येते.

साक्षीदार चारला आले. एक आमच्या डॉक्टरीणबाई, दुसरे वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, पुस्तके बांधणारे काका. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे वकिलांनी बजावले आहे, म्हणून दोघांना जे द्यायचे ते आजच वाढले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वा. तुमच्या हाताला चव आहे हो."

मी म्हणाले, "माझ्या नाही. वन्संच्या. पहिल्यापासून प्रत्येक केक वन्संनी केलाय."

काकांचा काटा हवेतच राहिला. डॉक्टरीणबाईंनी एकदा माझ्याकडे आणि एकदा वन्संकडे बघितले. वन्सं म्हणाल्या, "अजून एक तुकडा देऊ?" त्यांचा आवाज नेहमीसारखा होता, पण तुकडा त्यांनी नेहमीपेक्षा मोठा कापला.

कलम ७, शेवटचे. बाकीच्या वस्तू अशा द्याव्यात.

मुलाला ह्यांची नकाशे काढायची पितळी पेटी. लहानपणी त्यातल्या कर्कटकाने तो बिस्किटांना ओळीने भोके पाडत असे. ती बिस्किटेही आत्याचीच होती, हे त्याने पेटी उघडताना आठवावे. बँकेतली माझी ठेव त्याला आणि वन्संना निम्मी निम्मी.

सुनेला माझ्या मोत्याच्या कुड्या, आणि दर गुरुवारी चारची खुर्ची. आली तर.

नातीला टाइपरायटर. ती दोन बोटांनी टाइप करते. तेवढी बोटे खरे लिहायला पुरतात.

निळ्या फुलांचा सेट, तबक, ओव्हन, त्याला टेकवायची खुर्ची, सगळे साचे आणि चाळण्या वन्संना. यांतले काही मी देते आहे असे म्हणणेही खरे तर बरोबर नाही, पण कायद्याला कागद लागतो.

दुकानावरच्या पाटीवर त्यांचेच नाव असावे. माझे कुठेही नको.

सही : लिहून ठेवणारी (मीच टाइप केले, मीच वाचले)

साक्षीदार : १. डॉक्टरीणबाई. त्यांच्यासमोर मी सही केली, आणि माझी तब्येत त्यांनी तपासली आहे.
२. वरच्या मजल्यावरचे काका, चष्मा लावून.

दिनांक : १४ मार्च २०२४, गुरुवार, दुपारचे पावणेपाच

स्थळ : वन्संच्या घराची बाहेरची खोली