देवापुढची पहिली प्रत

ती. आईस,
नमस्कार. हातची खळ कागदाला लागलीय, तेवढी चालवून घे.

बाइंडिंगचं काम मनासारखं चाललंय. खोकला गेल्यातच जमा आहे. तुझे गुडघे काय म्हणतात?

इथल्या शाळेतल्या मास्तरांनी कादंबरी लिहिलीय. त्यात एकाचा देवावरचा विश्वास उडतो आणि अख्खं गाव त्याच्याशी बोलणं टाकतं. आमच्या मालकांची रीत अशी, की कुठल्याही पुस्तकाची पहिली प्रत देवापुढे ठेवायची, मगच बाकीच्या बांधायला घ्यायच्या. ही प्रत मात्र ते घरी घेऊन गेले. तीन दिवस काम बंद. मास्तर रोज दारात येऊन नुसतेच उभे राहायचे.

चौथ्या दिवशी मालकांनी ती देवापुढे ठेवली. मी विचारलं, "ही पण?"

"त्याच्याबद्दलच तर लिहिलंय," ते म्हणाले. "त्यालाही वाचू दे."

दर पत्रात तू विचारतेस, खोलीवर दिवा लावतोस ना. मी आजवर उत्तर टाळत आलो. नाही लावत, आई. पण त्या दिवशी मालकांच्या हातातली काडी दोनदा विझली, म्हणून त्यांच्या देवापुढचा दिवा मी लावला.

रागावलीस तरी चालेल, पण पत्र पाठव.

तुझा,
धाकटा