तिसऱ्या चौकीची यादी

स्केलडेल,
मंगळवार, ३ मार्च

प्रिय थेल्मा,

पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं ते आधी उरकून घेते. तू बरी असशील, लिनेटची पोर आता दुडुदुडु चालू लागली असेल, कार्लाइलला तुमच्याकडेही आमच्यासारखाच पाऊस असेल. मीही बरी आहे. हे शेवटचं तितकंसं खरं नाही, पण त्याच्याकडे मग येते.

इथे मेंढ्या व्यायला लागल्या आहेत, त्यामुळे गावात एकाही माणसाची झोप झालेली नाही आणि सगळे एकमेकांवर खेकसताहेत. शाळेच्या स्वयंपाकघरात नवीन बाईंच्या हुकुमावरून मसूर भरलेले पॅटिस सुरू केलेत. पोरं ते खिशात घालून बाहेर नेतात आणि कुत्र्याला घालतात, कुत्राही हल्ली फाटकाकडे फिरकत नाही. तुझ्या घरात राहायला आलेल्या जोडप्याने पुढच्या दाराला पिवळाधम्मक रंग दिलाय. तू पाहिलास तर दोन दिवस अन्नपाणी सोडशील.

पायाबद्दल तू विचारणार नाहीस, तरी सांगते. टाचेमागची शीर अर्धी तुटली होती. दहा आठवडे तो बुटासारखा साचा पायात होता, मग व्यायाम, आता गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येते. डॉक्टर म्हणाले, चालाल, सपाटीवर जरा पळालही, पण डोंगर उतरत पळायचं मात्र विसरा. मी घरी येऊन बूट पेटीत भरले, मग परत काढून दाराशी ठेवले. अजून तिथेच आहेत. त्यांना लागलेला चिखलही काढला नाही.

गेलं वर्ष किती छान सुरू झालं होतं ना गं? जानेवारीत त्या गोठलेल्या शर्यतीत मी पन्नाशीवरच्या बायकांत दुसरी आले आणि तू शेवटच्या भिंतीवरून घसरत बुडावर बसून खाली आलीस. मार्चमध्ये लांबची शर्यत, मग मेमध्ये आपली जोडीची, तू धुक्यात नकाशा उलटा धरला होतास तरी आपण सहाव्या आलो. त्या दिवशी आपण मोटारीच्या मागे बसून गार चहा आणि जिंजरब्रेड खाल्लं आणि तू म्हणालीस, "नोरीन, यंदाचं क्लबचं पदक तुझंच." तू सहज म्हणालीस. माझ्या डोक्यात ते घर करून बसलं. एकवीस वर्षं पळतेय, आणि कपाटात एक साधा कपसुद्धा नाही जिंकलेला.

आठांतल्या सहा शर्यती मोजतात. जूनमध्ये टाच दुखायला लागली तेव्हा माझ्या चार झाल्या होत्या. पाचवी जुलैत मी बर्फ बांधून, गोळ्या खाऊन काढली. उरली ती सप्टेंबरची, आपल्याच क्लबची, ब्लेन डोंगराची. सकाळी उठल्यावर मी जिना उलटी उतरायचे, पुढे तोंड करून उतरताच येत नव्हतं. हे फक्त तुला माहीत होतं. तू माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून बोललीस ते शब्दन् शब्द आठवतंय. "तिसऱ्या चौकीवर नंबर लिहायला मी आहे. तू लंगडत आलीस तर तुला पुढे जाऊ देणार नाही, सगळ्यांदेखत खाली पाठवीन." मी हसले. मला राग आला होता.

इथवर लिहून उठले, चहा केला, चुलीतली राख काढली, नको ती कामं केली. आता पुढचं.

आधी आपल्या शर्यतीच्या हार्टलींबद्दल. त्यांच्या दफनाच्या दिवशी तू आलीस ते मी पाहिलं. तू दाराशी, अगदी मागे उभी होतीस, तो निळा कोट घालून. शेवटच्या बाकावर आपल्या क्लबचे पाच जण होते, जागा होती, कुणी सरकलं नाही. मी दुसऱ्या रांगेत होते. मान वळवून तुला एकदा पाहिलं आणि परत स्तोत्राच्या पुस्तकात तोंड घातलं. चहाच्या वेळी तू नव्हतीस. आपल्या क्लबच्या क्लाइव्हची बायको सँडविचची थाळी फिरवत म्हणाली की आली हेच आश्चर्य, आणि मी एक सँडविच उचललं. काकडीचं. ते मी गिळलं कसं, मला माहीत नाही.

थेल्मा, सगळं गाव म्हणतं की नोरीनने तिसऱ्या चौकीवर येऊन सांगितलं, मी शर्यत सोडतेय, आणि थेल्मा ते लिहून घ्यायला विसरली. तूसुद्धा तसंच म्हणालीस. शर्यतीनंतरच्या सभेत सगळे तुझ्याकडे बघत होते आणि तू खाली बघून म्हणालीस, "इतके जण येत होते, पावसाने कागद भिजला होता. ती म्हणतेय तर आली असेल." माझ्या शब्दावर तू स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडलास. तेव्हा मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर कुबड्या घेऊन बसले होते आणि लोक मला उशी आणून देत होते.

मी तुझ्याकडे आलेच नव्हते.

दुसऱ्या चौकीनंतर दहा मिनिटांनी टाचेत काहीतरी फटकन तुटलं. मी भिंतीला धरून उभी राहिले. पाऊस आडवा येत होता. वरच्या बाजूला तिसरी चौकी होती, जेमतेम अर्ध्या मैलावर, तिथे तू होतीस, आणि तुझा चेहरा मला तिथूनच दिसत होता. मला तुझं "सांगितलं होतं ना" ऐकायचं नव्हतं. बस, एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी मी भिंतीतल्या फाटकातून घोड्याच्या खिंडीकडे वळले आणि पलीकडच्या रस्त्यावर उतरले. दुधाच्या गाडीवाल्याने घरापर्यंत सोडलं.

नियम मला पाठ होता. आपल्या खोऱ्यात पोर चालायला शिकतं तेव्हाच हा नियम शिकतं. शर्यत सोडा, रांगत या, पण आधी शेवटच्या रेषेवर जाऊन छातीवरचा नंबर काढून द्या, मगच घरी. हार्टली दर वर्षी सुरुवातीला ओरडून सांगायचे, "मरायचं असेल तर खुशाल मरा, पण नंबर देऊन मरा." सगळे हसायचे. मीही हसायचे. मला वाटलं, आंघोळ करून मग फोन करीन. गरम पाण्यात पडले, दोन गोळ्या घेतल्या. साडेतीनला खाली फोन वाजला. परत वाजला. मला वाटलं, तूच असशील, चौकीवर का आली नाहीस म्हणून विचारायला. मी डोक्यावर उशी घेतली.

त्या वेळी तिकडे एकशे चौदा नंबर गेले होते आणि एकशे तेरा आले होते.

साडेसहाला क्लाइव्हने दार बडवलं. मी झग्यात दार उघडलं. तो चिखलाने माखलेला होता आणि मला बघून तो आधी रडायला लागला, मग त्याला राग आला. म्हणाला, चाळीस माणसं डोंगरावर तुला शोधताहेत आणि त्यात हार्टली पडलेत, खुब्याचं हाड मोडलंय. त्याने विचारलं, कुणाला सांगून का नाही आलीस? आणि माझ्या तोंडून निघालं, "थेल्माला सांगितलं होतं."

मी ते ठरवून बोलले नाही, हे लिहिणार होते. खोडलं. पहिल्यांदा ठरवून बोलले नाही. नंतरचे सगळे महिने ठरवूनच गप्प बसले.

आणखी एक आहे, ते तुलाच काय, कुणालाच माहीत असणं शक्य नाही. नोव्हेंबरमध्ये मी हार्टलींना भेटायला त्या वृद्धाश्रमात गेले. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, तीस वर्षं शेवटच्या रेषेवर उभा राहून नंबर मोजणारा, आणि आता खिडकीशी खुर्चीत, गुडघ्यांवर कुणाचं तरी गुलाबी पांघरूण. मी केक नेला होता. ते म्हणाले, मनुके कमी टाकलेस. मग नर्स बाहेर गेली आणि ते म्हणाले, "पोरी, तू घोड्याच्या खिंडीने उतरलीस."

मी केकवरचा कागद नीट करत बसले.

"फाटकाशी चिखलात तुझ्या बुटांचे ठसे दिसले. एक पाय ओढलेला. पुढे थेल्माच्या बाजूला तसा एकही ठसा नव्हता. मी त्या ठशांमागेच उतरत होतो, म्हटलं, पोर खाली कुठे पडली असेल."

तिथेच ते घसरले, थेल्मा. गावात सगळे म्हणाले, म्हातारा धुक्यात वाट चुकला, नाहीतर खिंडीकडे कशाला जाईल. तो डोंगर ते डोळे मिटून चढले असते. लोकांनी त्यांना वाट चुकलेला ठरवलं आणि त्यांनी ते ऐकून घेतलं, कारण खरं सांगितलं असतं तर माझं नाव आलं असतं.

मी विचारलं, कुणाला सांगितलंत? ते म्हणाले, "मी का सांगू? ते तुझं काम आहे. पण फार दिवस लावू नकोस. ती बाई स्वतःलाच खात बसली असेल." मी त्यांचा हात धरून सांगितलं, नाताळ होऊ द्या, मग सांगते. नाताळ झाला. जानेवारीत म्हटलं, कुबड्या सुटू देत. कुबड्या सुटल्या. फेब्रुवारीत त्यांच्या छातीत कफ झाला. मी गेले तेव्हा त्यांना ओळख राहिली नव्हती, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. माझ्याइतकी नीच बाई तुला भेटली नसेल.

काल संध्याकाळी क्लाइव्हकडे जाऊन मी सगळं सांगितलं. त्याने मला बघून केटलीत पाणी भरलं होतं. मी बोलत असताना ते उकळलं. बोलणं संपल्यावर त्याने केटली बंद केली, पण चहा केला नाही. या गावात माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मला चहा न देता बसवलं. मग त्याने विचारलं, "थेल्माला कळवलंस?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "मग आधी माझ्याकडे कशाला आलीस?"

बरोबर होतं त्याचं. मी परत आधी दुसऱ्या कुणाकडे गेले होते. म्हणून आज सकाळपासून हे लिहितेय.

शुक्रवारी वार्षिक सभा आहे. क्लाइव्ह म्हणाला, मी वाचून दाखवतो. मी नको म्हटलं. मी उभी राहून स्वतः सांगेन, तुझ्याबद्दल आणि हार्टलींबद्दल, ते वाट चुकले नव्हते हेही. हे पत्र त्याआधी तुझ्या हातात पडावं एवढीच धडपड आहे. तू यावंस असं म्हणण्याचा मला हक्क नाही. माफीही मागत नाही. मागितली तर परत तुलाच काहीतरी करायला लावल्यासारखं होईल. तू जे करशील ते तुझं. काहीच केलं नाहीस तरी मला ते समजेल.

लिनेटने मला ऑक्टोबरमध्ये फोन केला होता. म्हणाली, आई मधेच उठून कागदावर आकडे लिहिते, त्या दिवशी कोण कोण आलं ते आठवायला बघते. मी म्हटलं, तिला म्हणावं, मनाला लावून घेऊ नकोस. आणि फोन ठेवला.

थेल्मा, आता आकडे लिहू नकोस. तू चार तास त्या पावसात एकटी उभी होतीस आणि जो जो तुझ्यासमोरून गेला त्याचा नंबर तू लिहिलास. एकही सुटला नाही. तुझी यादी बरोबर होती.

त्या दिवशी तुझ्यापर्यंत न आलेली,
नोरीन