खिशातलं खोबरं

मंगळवार, संध्याकाळ

चाकणहून शिफ्ट संपवून थेट नदीकाठी गेलो. नव्या ड्रेनेज लाइनचं भूमिपूजन होतं. सगळ्या सोसायट्यांची घाण एका पाइपात घेणार म्हणे. पण तो पाइप सोडणार कुठं? पालिकेच्या साहेबांना विचारलं, तर म्हणाले, “तूर्तास नदीत. शुद्धीकरण केंद्राचा निधी पुढच्या टप्प्यात येईल.” यावर टाळ्या! शी! शेजारचे तात्या पुटपुटले, “आमी हितंच पोहायला शिकलो, राव.” तेवढ्यात नारळ फुटला आणि प्रसादाचं खोबरं माझ्या हातावर आलं.

ते खोबरं अजून खिशातच आहे. खाववत नाही. घरी आल्यावर कचऱ्यात टाकायला निघालो, तर आई ओरडली, “परसाद कचऱ्यात टाकत न्हाईत रं! नदीत सोडून ये.”

हिलाही नदीच आठवली.