सुरगाण्याच्या दोन नळ्या

सर,

दोन दिवस झाले, माझ्या पेपरांची यादी लावत बसले आहे. वरच्या जागेसाठी अर्ज करायचाय, आणि त्याला आजवर छापून आलेलं सगळं जोडावं लागतं. नवं सगळ्यात वर, जुनं सगळ्यात खाली. वरचे सगळे रक्ताच्या कर्करोगावरचे आहेत. कुठल्या औषधानं पांढऱ्या पेशी किती दिवसांत खाली आल्या, कुणाचा आजार परत उलटला, तसले. आणि तळाशी एकटाच तो सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजारावरचा, सुरगाण्याच्या पाड्यांवरचा. त्याच्यावर दोनच नावं आहेत, आधी माझं आणि मग तुमचं. मुलाखतीला बसलेल्यांपैकी कुणीतरी विचारणारच, की बाई, सुरुवात एवढी चांगली झाली होती, मग तो विषय पुन्हा कधी का हाताळला नाहीत? उत्तर मी पाठ करून ठेवलंय: जिथे शिकायला मिळालं तिकडे वळले. ते खोटं आहे. मी घाबरून वळले. हे तुम्हाला सांगायचं होतं आणि तुम्ही होतात तोवर सांगितलं नाही. आता तुम्ही नाही आहात, तेव्हा लिहितेय.

तुमची प्रयोगशाळा म्हणजे गंगापूर रोडवरच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या. मागे काकूंचं स्वयंपाकघर आणि मधे एकच मोरी, तिच्यात काकू तांदूळ धुवायच्या आणि आपण रक्त तपासायच्या काचा. रंगाचे निळे डाग त्या मोरीवरून कधीच गेले नाहीत. "तुमच्या त्या शाईनं माझं पातेलंसुद्धा निळं झालंय," असं काकू रोज म्हणायच्या आणि रोज आपल्या दोघांना चहा आणून द्यायच्या. मी नुकतीच डॉक्टर झालेली, सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतंय ते झरझर सांगता येतं याचा मोठा अभिमान असलेली. एकदा नांदगावहून आलेल्या एका माणसाचं निदान मी काच लावल्या लावल्या सांगून टाकलं. निदान बरोबर होतं. माणूस दुसराच होता. मी शेजारची काच उचलली होती. तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. चष्मा काढून टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "आधी नाव वाचायचं. मग काच बघायची. हे ज्याला जमत नाही त्यानं दुसरा धंदा बघावा." त्या दिवशी चहा आला तो मला गिळवला नाही. दुसरा धंदा बघावा, हे शब्द नंतर कितीतरी दिवस डोक्यातून जात नव्हते.

त्याच वर्षी भात झोडून झाल्यावर आपण सुरगाण्याला गेलो. तुम्हाला घाई होती, कारण आठवड्याभरात माणसं द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरणार आणि पाडे रिकामे होणार. शाळेच्या पडवीत रांग लागली आहे. तुम्ही रक्त काढताय, मी नळीवर कागदाची चिठ्ठी चिकटवून वहीत नाव लिहितेय. पांढरं कार्ड म्हणजे रक्त निर्दोष. पिवळं म्हणजे स्वतःला त्रास नाही, पण दोष रक्तात आहे. लाल म्हणजे आजार. आणि पिवळ्यानं पिवळ्याशी लग्न करायचं नाही, नाहीतर पोरांना लाल कार्ड येऊ शकतं, हे तुम्ही प्रत्येकाला सांगताय, न कंटाळता. रांगेत दोन बहिणी होत्या, एक जेमतेम वयात आलेली, दुसरी तिच्याहून वर्षा-दोन वर्षांनी लहान. धाकटी सुई बघून थोरलीच्या पाठीमागे लपली आणि थोरलीनं स्वतःचा हात आधी पुढे केला. दुपारी एका घरी नागलीची भाकरी आणि उडदाचं पिठलं जेवलो आणि निघालो.

परतीच्या घाटात पेटीतला बर्फ वितळून पाणी झालं. तुम्ही जीपमध्ये पुढे बसून पेंगत होतात. मी मागे पेटी मांडीवर घेऊन. ननाशीच्या पुढे कुठेतरी झाकण उघडून पाहिलं तर दोन चिठ्ठ्या पाण्यावर तरंगत होत्या, आणि दोन नळ्या बिननावाच्या. चिठ्ठ्या त्या दोघी बहिणींच्या. मला आधी काय वाटलं सांगू? रक्ताचं नाही, त्या मुलींचंही नाही. तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवाल, हेच. थोरलीनं हात आधी दिला होता, म्हणजे अलीकडची नळी तिची असणार, असं मी स्वतःला समजावलं. पण पेटी वळणावळणावर हलत होती आणि नळ्या मी स्वतःच दोनदा सारख्या केल्या होत्या. घरी पोहोचल्यावर तुमच्या टेबलावरचा डिंक घेऊन चिठ्ठ्या परत चिकटवल्या. तुम्ही हात पुसत आलात आणि विचारलंत, "सगळं जुळलं ना गं वहीशी?"

"हो सर," मी म्हणाले.

एकीचं रक्त निर्दोष निघालं, एकीच्यात दोष निघाला. वही सांगत होती की दोष थोरलीत आहे. कार्डं मीच लिहिली, सही मीच केली, आणि ती टपालानं शाळेतल्या गुरुजींकडे गेली. पेपर लिहून झाल्यावर तुम्ही माझं नाव पुढे टाकलंत. मी नको म्हणाले तर म्हणालात, "धावपळ तू केलीस. माझं काय, म्हाताऱ्याचं." छापून आला तेव्हा तुम्ही तो काचेच्या कपाटात दर्शनी ठेवलात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत राहिलात, "हिचा पहिला पेपर." प्रत्येक वेळी माझे कान गरम व्हायचे. लोकांना वाटायचं, पोरगी लाजते. पुढच्या वर्षी तुम्ही परत सुरगाण्याला चलायचं म्हणालात, तेव्हा मी पुढच्या शिक्षणाचं निमित्त काढून नाशिक सोडलं. कर्करोगाच्या वॉर्डात गेले. तिथे रोगी समोरच्या खाटेवर असतो, नळीवरचं नाव त्यालाच विचारता येतं. मी प्रत्येक नळीवर दोन चिठ्ठ्या लावते, नाव तीनदा विचारते. हाताखालची मुलं पाठीमागे हसतात. माझ्या चोखपणाचं कौतुक होतं, सर. तो चोखपणा नाही.

तुम्ही गेल्यावर तीन वर्षांनी मी नाशिकला परत आले. गेल्या थंडीत सुरगाण्याच्या एका डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन एक मुलगी पाठवली. दोन-अडीच वर्षांची, दोन्ही हातांची बोटं सुजलेली, स्पर्श केला की किंचाळत होती. सोबत आई, आणि मुलीला कडेवर घेतलेली मावशी. मुलीचं रक्त तपासलं, आजार निघाला. मी आईला म्हटलं, हा दोन्ही बाजूंनी येतो, तुम्हा दोघांचं रक्त तपासायला हवं.

"माझं तपासेल हाय," ती म्हणाली. "नवऱ्याचं पिवळं हाय. पण माझं पांढरं. पांढरं हाय म्हणून तर दिली मला त्या घरी." आणि तिनं पोलक्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं कार्ड काढलं.

अक्षर माझं होतं. सही माझी होती.

मावशी, म्हणजे थोरली, म्हणाली, "माझं पिवळं हाय. दोनदा जमलं, दोनदा मोडलं. पोरं आजारी निघतील म्हनं. मग मी राहिले भावाकडं."

मी खुर्चीवरून उठले आणि हात धुवायला गेले. बराच वेळ नळ सोडून उभी होते. मग दोघींचं रक्त माझ्या हातानं काढलं, चिठ्ठ्या लावल्या, नावं तीनदा विचारली. निकाल मला ठाऊकच होता. धाकटीत दोष होता आणि थोरलीचं रक्त स्वच्छ होतं.

त्या आठ दिवसांनी निकालाला येणार होत्या. ते आठ दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. तेव्हाची तपासणी जुन्या पद्धतीची होती, असं सांगता आलं असतं. कुणी काही म्हणालं नसतं. आपला पेपर काढून तक्ता पाहिला. त्यात काहीच चुकलेलं नाही, सर. एकाच पाड्याच्या, एकाच वयोगटातल्या दोघी. एक दोषाच्या रकान्यात, एक निर्दोष रकान्यात. अदलाबदल केली तरी बेरीज तीच राहते. कुठल्याही संपादकाला, कुठल्याही समितीला त्यात कधी काही सापडणार नाही. दुरुस्ती छापायला मागितली तर ते विचारतील, कुठला आकडा बदलायचा? मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली, की मी गप्प बसले तर ते निभावून जाईल.

त्या आल्या. मी दार लावून घेतलं आणि सांगितलं. चिठ्ठ्या सुटल्या होत्या, मी अंदाजानं लावल्या, कुणाला सांगितलं नाही. सगळं सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. थोरली मुलीच्या केसांवरून हात फिरवत राहिली. धाकटी माझ्याकडे बघत होती.

"तुला तवाच माहीत व्हतं?"

"शंका होती."

"मग परत यायचं ना," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आमी गावातच व्हतो."

थोरलीनं विचारलं, "मग माझं पांढरं कार्ड मला आज भेटंल का?" मी तिला कार्ड लिहून दिलं. अक्षर इतकं वाकडं आलं की दुसरं लिहावं लागलं. आता त्याचा काय उपयोग, असं धाकटी म्हणाली तर थोरली म्हणाली, "असू दे. माझं हाय ते."

त्या दर महिन्याला येतात. औषध सुरू आहे, मुलीच्या बोटांची सूज उतरली, यंदाच्या थंडीत एकदाच दाखल करावी लागली. धाकटी माझ्याशी कामापुरतं बोलते. तक्रार करणार का, असं मीच एकदा विचारलं, तर म्हणाली, "पोरीला कोन बघंल मग?" त्या घरी गेल्या की पुढची तारीख येईपर्यंत मला धास्ती असते, मुलीची आणि माझीही. रुग्णालयाच्या प्रमुखांना मी लेखी कळवलं आहे. त्यांनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि फाईलमध्ये ठेवला. त्या शिबिरातली वही काकूंकडून मागून आणली आहे. बाकीच्या चिठ्ठ्या सुटल्या नव्हत्या, हे मला पक्कं आठवतं. पण मला काय काय पक्कं आठवतं त्यावर आता माझाच विश्वास नाही. म्हणून त्या पाड्यांवर परत जाऊन सगळ्यांचं रक्त पुन्हा तपासायचं ठरवलंय. जे गावात सापडतील त्यांचं. अर्ज अजून भरलेला नाही.

काकू परवा वही देताना म्हणाल्या, "ह्यांचा फार जीव होता तुझ्यावर." मी मान डोलावली. हे पत्र त्यांच्या हाती पडू नये म्हणून तुमच्या घरी ठेवणार नाही, आणि फाडायचंही धाडस नाही, माझ्याजवळच्या त्या वहीतच राहील. पण एक सांगते. तुम्ही गेलात त्या सकाळी काकूंचा फोन आला. त्या रडत होत्या, आणि मीही रडले, खूप रडले. पण ते नंतर. आधी, फोन कानाला असतानाच, मला हायसं वाटलं होतं.